सत्तेचाळीस आधी उरकावं

शेवटी खोली वाचनालयाकडेच राहिली, खताची पोती सरपंचांच्या ओसरीवर गेली आणि नलूचं लग्न तीन वर्षं लांबलं.

यातलं काहीही घडलेलं नाही. आमच्या गावात कोणालाही विचारा. डोमाजीला विचारा, तो म्हणेल, "कायचं काय! मी त लहानपणापासूनच वाचतो." सरपंच महादेवरावांना विचारा, ते घड्याळ नसलेल्या मनगटाकडे बघतील आणि उठून जातील. तेव्हा पुढे जे आहे ते न घडलेल्या गोष्टीचं वर्णन समजून वाचावं. तारखा मात्र बरोबर आहेत.

आमचं गाव रोहण्यापासून दोन कोसांवर. घरं दोनशे एकतीस. हा आकडा मला पाठ आहे, कारण हिवतापवाल्यांनी प्रत्येक घराच्या दाराशेजारी गेरूने नंबर टाकून ठेवला होता. एक शाळा, एक हॉटेल, ज्यात चहा सोडून काही मिळत नाही, आणि ग्रामपंचायतीला लागून एक कौलारू खोली. त्या खोलीत वाचनालय. वाचनालयात दोनशे बारा पुस्तकं आणि माझे काका लक्ष्मणराव. ते शाळेतून निवृत्त झाले म्हणून गाव त्यांना गुरुजी म्हणे, आणि मी काकाजी.

या वाचनालयाचं एक वैशिष्ट्य होतं. कोणतं पुस्तक कोणतं आहे हे कोणालाच माहीत नव्हतं.

त्र्याहत्तर साली कौलं गळून सगळी पुस्तकं भिजली. काकाजींनी वर्ध्याहून बदामी रंगाच्या जाड खादीचा अख्खा तागा आणला आणि दोन महिने बसून दोनशे बाराही पुस्तकं स्वतः बांधली. कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घातला. पुठ्ठा मजबूत व्हावा म्हणून प्रत्येक पुस्तकाची पहिली दोन पानं पुठ्ठ्यावरच चिकटवून टाकली. पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव, सगळं त्या दोन पानांत. पुठ्ठे इतके मजबूत झाले की एकदा दार बसत नव्हतं तेव्हा एकशे तीस नंबर खाली ठेवून सुताराने वर हातोडी मारली होती. राहता राहिली नावांची नोंदवही. ती त्याच वर्षी उधईने खाल्ली. पुस्तकांना उधईने तोंड लावलं नाही, नोंदवही तेवढी बिनमोरचुदाची होती.

तेव्हापासून आमच्याकडे पुस्तकं नंबराने ओळखतात. बदामी पाठीवर काळ्या शाईने आकडा, बस्स.

"एकशे बारा वाचलं का?"

"नाई."

"वाचजो. पण जेवून वाचजो. उपाशीपोटी वाचलं का डोस्कं फिरते."

"आणि बावन्न?"

"बावन्नात काही नाई. निरा बरफ पडते."

काकाजींना कोणी पुस्तकाचं नाव विचारलं तर ते म्हणत, "नाव पाहून माणसं बोलावतात, पुस्तकं वाचतात." याचा अर्थ आम्ही बराच काळ शोधला. खरी गोष्ट अशी की त्यांनाही नावं आठवत नव्हती, आणि मोतीबिंदूमुळे आता आकडेही दिसत नव्हते. म्हणून खोलीचा सगळा कारभार त्यांची मुलगी नलू बघायची. नलू माझ्याहून चार महिन्यांनी मोठी. या चार महिन्यांत तिने नेमकं काय शिकून घेतलं कोण जाणे, पण मला ते अजून यायचं आहे.

शहात्तरच्या एप्रिलात, रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी, ग्रामसभा भरली. मिरगाच्या आधी सोसायटीचं खत यायचं होतं आणि ते ठेवायला जागा नव्हती. महादेवराव उभे राहिले.

"वाचनालयाची खोली कोरडी आहे, पक्की आहे," ते म्हणाले. "कायमची खताले देऊन टाकू. पुस्तकं पोत्यात भरून माळ्यावर ठेवू. पुस्तकाले काय, थे कुठंही राह्यते."

काकाजी उठले. "लोक वाचतात तिथं, महादेवराव."

"कोन वाचते गुरुजी? किती जन?"

काकाजींनी नलूकडे तोंड केलं. नलू म्हणाली, "सात."

"त्यातली एक शेळी," मागून आवाज आला. हे खोटं नव्हतं. मोरचुदाचे पुठ्ठे सोडून तिने एकोणचाळीस नंबर संपवला होता.

महादेवराव तसे वाईट नव्हते. वाईट माणूस सरळ कुलूप लावतो. ते म्हणाले, "असं करा गुरुजी. सहा जूनले पुन्हा सभा आहे. तवरोक पुस्तक वाचेल पन्नास मानसं उभे करा. नुसत्या सह्या नाई चालनार, काय वाचलं थे मी सोता इचारीन. पन्नास भरले त खोली तुमची. नाई त खताची."

सगळे हसले. पन्नास माणसं आमच्या गावात एकदाच एका जागी वाचताना दिसली होती, तीही लग्नपत्रिकेत आपलं नाव शोधताना.

त्या दिवशी घरी जाताना नलू भराभर पुढे चालली होती. मी म्हटलं, "जाऊ दे नले. पुस्तकं माळ्यावर ठेवली तरी आपण शिडी लावू."

"पुस्तकाचं नाई रे," ती म्हणाली. "बाबाले माह्यासाठी दोन स्थळं येऊन गेले. दोन्ही वेळा बाबा काय म्हनले, मालूम आहे? 'नलू गेली त वाचनालय कोन पाहीन.' खोली गेली का कारन गेलं. दिवाळीच्या आत मले उजवून टाकतील."

"मंग तुले काय पाहिजे?"

"मले बाहेरून बी.ए.ले बसाचं आहे. तीन वर्षं पाहिजे, पुंड्या. फक्त तीन वर्षं. आन् थो खोलीतला खिडकीजवळचा पाट."

मी स्वतः आर्वीच्या कॉलेजात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला बसलो होतो आणि उठेन की नाही याचा निकाल जूनमध्ये होता. नलूला जे हवं होतं ते मला फुकट मिळालं होतं आणि मी त्याचं काय केलं होतं हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे मी म्हटलं, "भरू पन्नास." मी अशी वाक्यं सहज बोलतो.

आमची योजना सोपी होती. नलूने प्रत्येक वर्षी स्वतःसाठी उन्हाळ्याची यादी करायची पद्धत ठेवली होती: कोणतं पुस्तक आधी, कोणतं नंतर, कोणतं दुपारच्या झोपेआधी. या वर्षी ती यादी गावासाठी करायची, घरोघरी द्यायची, आणि ज्याने एक वाचलं त्याने दुसऱ्याला एक सुचवायचं. साखळी लागली की पन्नास काय, शंभर होतील.

साखळी लागली नाही. डोमाजी म्हणाला, डोळे दुखतात. डोमाजीची बायको रुख्माबाई म्हणाली, "तुमी वाचा, मी ऐकतो, पन तवरोक पापड कोन लाटीन?" किराणा दुकानवाले मोतीलालसेठ म्हणाले, दुकानात वाचायला घेतलं तर गिऱ्हाईक पान फाडून पुडी बांधून मागतं. नऊ नंबरच्या घरातले नानाजी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. ते म्हणाले, "मी आता कोनतीच गोष्ट सुरू करत नाई. अर्धी राह्यली त?"

पंधरा दिवसांत आमचा आकडा सातावरून आठावर गेला. आठवी दुसरी शेळी होती.

तेव्हा मी एक पक्की यादी करायला घेतली. गावातल्या माणसाला सोपी जातील अशी सतरा पुस्तकं, पुढे माझा शेरा. कागद नव्हता. पण पंचायतीत नसबंदीच्या जाहिरातींचा गठ्ठा पडून होता. एका बाजूला लाल त्रिकोण, दुसरी बाजू कोरी करकरीत. नलू गेलं वर्षभर त्याच कागदावर सगळं लिहायची. इतका चांगला कागद सरकार फक्त अशाच कामाला वापरतं. मी कोऱ्या बाजूवर लिहिलं:

"उन्हाळी यादी. सहा जूनच्या आत पूर्ण करणे. एकही सोडू नये.

४७ – हलकं आहे, आधी उरकावं.

११२ – जाड. दोन दिवस लागतील.

९ – जुनं झालं, तरी सोडू नये."

आणि असंच खाली सतरापर्यंत. कागद खिशात घातला, हॉटेलात चहा प्यायलो आणि घरी आलो. खिशात कागद नव्हता. मला त्याचं काही वाटलं नाही. मी पुष्कळ गोष्टी हरवतो, जग चालू राहतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आणि नलू वाचनालयात बसलो होतो. काकाजी खुर्चीत डोळे मिटून होते. बाहेर उन्हाने रस्ता पांढरा पडला होता. दार हळूच उघडलं आणि डोमाजी आत आला. डोमाजी म्हणजे अंगाने काडी. तो तिरका होऊन आला, तशी काही गरज नव्हती.

"गुरुजी," तो कुजबुजला, "इथं कोनी येते काय?"

काकाजींनी उसासा टाकला. "कोणी येत नाही डोमाजी."

"पक्कं?"

"पक्कं. तीन वर्षांत घरच्यांशिवाय कोणी आलं नाही."

"मंग मी बसतो," डोमाजी म्हणाला आणि कपाटामागे जाऊन बसला.

मी त्याच्या शेजारी गेलो. त्याने कनवटीचा कागद काढला. "पुंडलिक, तू शिकेल मानूस आहे. हे पाय. हॉटेलात सापडलं."

एका बाजूला लाल त्रिकोण. दुसऱ्या बाजूला माझं अक्षर.

"माह्या घराचा नंबर किती?" डोमाजीने विचारलं.

मी दाराशेजारचा गेरू आठवला. "सत्तेचाळीस."

"'हलकं आहे, आधी उरकावं,'" डोमाजी म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "मी हलका आहे म्हून मले पयले नेऊन राह्यले. जाडे आरामात."

"अक्षर वाईट आहे," मी म्हटलं.

"सरकारी आहे न. म्हून."

त्या वर्षीचं वातावरण ज्यांनी पाहिलं आहे त्यांना डोमाजीचं हसू येणार नाही. सरकारला नसबंदीसाठी माणसं हवी होती, आणि किती हवीत ते ठरलेलं होतं. कुठल्या गावात जीप आली, कुणाला बाजारातून उचललं, याच्या गोष्टी एसटीने रोज येत आणि उतरताना थोड्या वाढत. त्यात त्याच दिवशी सकाळी एक पांढरी जीप खरोखर गावातून गेली होती. ती कारंज्याचा रस्ता विचारत होती, पण विचारायला ती नेमकी एकशे बारा नंबरसमोर थांबली. एकशे बारा म्हणजे मोतीलालसेठ. ते अंगाने भरपूर होते. "जाड, दोन दिवस लागतील" हे त्यांना अर्ध्या तासापूर्वीच कळलं होतं. त्यांनी दुकान उघडं टाकलं आणि मागच्या दाराने निघाले.

शेतात लपावं तर एप्रिलात शेतात सावलीला काडी नाही. पाहुण्यांकडे जावं तर पाहुण्यांच्या गावातही जीप. घरात राहावं तर दारावर नंबर. गावातल्या शहाण्या माणसांनी मग तो प्रश्न स्वतःला विचारला जो डोमाजीने आधी विचारला होता: अशी कोणती जागा आहे जिथं आपल्याला कोणी, कधीही, स्वप्नातही शोधणार नाही?

संध्याकाळपर्यंत वाचनालयात अकरा माणसं होती.

मी नलूला विहिरीवर गाठलं. "नले, सांगून टाकू. थे पुस्तकाची यादी आहे म्हणून."

नलूने बादली खाली ठेवली. तिने विचार केला. तिचा विचार दिसतो, कपाळावर एक रेघ येते. "आपन कोनाले खोटं बोललो काय?"

"नाई."

"त्या कागदावर एक तरी अक्षर खोटं आहे?"

"नाई. सत्तेचाळीस खरंच हलकं आहे."

"मंग चार दिवस चूप बस. आन् काकूले सांग, तुह्या बाबाचा डबा वाचनालयात पाठवाचा आहे."

माझे वडील त्या अकरांत होते, हे मी सांगायचं विसरलो.

चार दिवसांनी सांगायचं असं खरंच ठरलं होतं. पण अडचण झाली ती काकाजींची. त्यांना दिसत नव्हतं, ऐकू मात्र येत होतं. तीन वर्षं ज्या खोलीत फक्त पाल बोलायची तिथं आता माणसांचे श्वास, खोकले, पायांची सरसर. दुसऱ्या दिवशी ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "पुंडलिक, आज किती?"

"बावीस."

"बावीस," ते म्हणाले. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. त्या चष्म्याने त्यांना काहीच दिसत नसे. "मी म्हणत होतो ना. वेळ लागतो, पण माणूस येतो." मग ते खोलीकडे वळले आणि शाळेतल्या आवाजात म्हणाले, "वाचनालयात नुसतं बसता येत नाही! हातात पुस्तक हवं, उघडं हवं, सरळ हवं! तंबाखू बाहेर!"

बावीस हात कपाटाकडे गेले. आता कोण सांगणार त्यांना?

पहिले दोन दिवस माणसं पुस्तकाआडून दाराकडे बघत होती. पण वैशाखातल्या दुपारी फार लांब असतात आणि दार एकच होतं. तिसऱ्या दिवशी कोणीतरी पहिल्यांदा पान उलटलं. तो आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. चौथ्या दिवशी नलूने मला डोळ्याने खूण केली: मोतीलालसेठ हसत होते. एकटेच, पोट हलवत, बत्तीस नंबर पोटावर ठेवून.

एक नियम आपोआप पडला. कोणीही आपल्या घराच्या नंबराचं पुस्तक घेईना. सत्तेचाळीसला हात लावायला डोमाजी तयार नव्हता. त्याने एकशे चौदा घेतलं. आता एकशे चौदा हे मधमाश्या पाळण्याचं माहितीपुस्तक आहे. पण नाव चिकटलेलं, पहिली दोन पानं गायब, आणि हे काय आहे ते डोमाजीला कोणी सांगितलं नाही. तो ते कादंबरी म्हणून वाचत गेला.

"पुंडलिक," तो मला कपाटामागून म्हणे, "हे रानी लय खतरनाक आहे बे. सगळे तिच्यासाठी राबून राह्यले, आन् थे नुसती पडून आहे."

"पुढं वाच."

"आन् हे नर. काहीच काम करत नाई. मले वाटते याइचं काही खरं नाई."

दोन दिवसांनी तो आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला. "हाकलून देल्लं सगळ्याइले," तो म्हणाला. "थंडी आली आन् नराइले घराबाहेर काढलं. मेले सगळे. असं लिवाचं असते काय? मानसाले घरदार आहे, वाचून झोप नाई येत."

पण त्याने ते सोडलं नाही. उलट मोतीलालसेठांना सुचवलं. मोतीलालसेठांनी त्याला बत्तीस दिलं. नऊ नंबर घरातल्या नानाजींनीही स्वतः होऊन हजेरी लावली. "जुनं झालं, तरी सोडू नये" हे वाक्य त्यांना फार लागलं होतं, उलट्या बाजूने. सरकारला आपल्याकडून अजून आशा आहे, हे ते पारावर प्रत्येकाला सांगत. लपायला म्हणून ते येत, पण येताना सगळ्या गावाला सांगून येत. त्यांनी एक पुस्तक सुरू केलं आणि आयुष्यात पहिल्यांदा अर्धं राहण्याची भीती सोडली.

मेच्या मध्यापर्यंत कुजबुजीत नुसते आकडे ऐकू येत.

"अठ्ठ्याऐंशी कोनाकडे आहे?"

"मी वाचून राह्यलो."

"लवकर वाच न बाप्पा! एकोणनव्वद त्याचाच पुढचा भाग आहे, मी उलटा वाचून बसलो. मानूस आधी मेला, मंग त्याचं लगन झालं."

बायका रोज खिडकीतून डबे देत. एक दिवस रुख्माबाईने डबा दिला आणि हात मागे घेतला नाही.

"काय पाहिजे वं?" डोमाजीने विचारलं.

"थे रानीवालं. तुमी झोपेत बडबडता रातभर, 'हाकलू नको, हाकलू नको.' मलेही वाचाचं आहे का कोन कोनाले हाकललं."

दुसऱ्या दिवसापासून आमच्या आळीत पापडाच्या घाण्याला एक बाई वाचायला आणि बाकीच्या लाटायला अशी पद्धत पडली. आज माझ्या घरचे पापड, उद्या तुझ्या, तसंच आज हिचा नंबर, उद्या तिचा. एकशे चौदातला राणीचा भाग त्यांनी तीनदा वाचून घेतला. रुख्माबाईचं मत नवऱ्यापेक्षा वेगळं पडलं. तिच्या मते शेवट बरोबर होता.

आता फक्त महादेवराव उरले होते. ते सरपंच, घर नंबर एक. पहिल्या यादीत एक नव्हता, म्हणून ते गावात छाती काढून फिरत आणि लपलेल्यांना हसत. नलूने शांतपणे लाल त्रिकोणाचा दुसरा कागद घेतला आणि पुढच्या पंधरवड्यासाठी दुसरी यादी केली. पहिला आकडा: १. शेरा: "फार दिवस राहून गेलं आहे. आता टाळू नये."

"नले," मी म्हटलं, "हे जास्त होते."

"एक नंबर तू वाचलं?"

"नाई."

"मंग? सगळ्यात चांगलं पुस्तक थेच आहे. माह्या जिवाची शपथ." आणि तिने तो कागद वाचनालयाच्या फळ्यावर सरळ टाचून टाकला. उघडपणे. सगळ्यांसमोर.

महादेवराव त्या दुपारी मागच्या खिडकीतून आले. पुढून येणं त्यांच्या पदाला शोभलं नसतं. काकाजींनी आवाज ओळखला.

"या सरपंच! पाहणीला?"

"हो," महादेवराव म्हणाले. खिडकीत त्यांचं धोतर अडकलं होतं. "पाहनीलेच."

"बसा. तुमच्या मानाचं पुस्तक देतो. नलू, एक नंबर दे."

ते रोज पाहणीला येऊ लागले. पुस्तक जाडजूड होतं आणि ते बोट फिरवत वाचत. एकदा त्यांनी मला विचारलं, "थो पोट्टा घरी वापस येते काय रे शेवटी? मायले भेटते?" मी म्हटलं, मी वाचलेलं नाही. तेव्हा त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, ती मला निकालाच्या दिवशी पुन्हा दिसली, पण तेव्हा बघणारे माझे वडील होते.

सहा जून आला. सभेच्या अर्धा तास आधी ग्रामसेवक प्रभाकरराव आर्वीहून सायकलवर आले. महादेवरावांनी त्यांना तालुक्याला यादीची चौकशी करायला पाठवलं होतं. ते घाम पुसत पारावर जमलेल्या सगळ्यांसमोर म्हणाले, "आपल्या गावाची यादीच नाही साहेब. कोणतीच नाही. आपलं गाव आहे हेच तिथं कोणाला आठवत नव्हतं."

महादेवरावांनी खिशातून तो पहिला कागद काढला, वर धरला. लाल त्रिकोण उन्हात चमकला.

"मंग हे कोनाचं?"

मी उठायचं ठरवलं. पाय वेगळ्या मताचे होते. नलू उठली.

"आमचं," ती म्हणाली. "उन्हाळ्यात वाचाच्या पुस्तकाची यादी आहे. मागची बाजू पंचायतीतून आलेली. सत्तेचाळीस पुस्तक हलकं आहे. एकशे बारा जाड आहे. पाहून घ्या कपाटात." तिचा आवाज सरळ होता, पण पदर मुठीत घट्ट होता. तिची तीन वर्षं त्या मुठीत होती.

"म्हंजे," नानाजी हळूच म्हणाले, "मी सरकारच्या यादीत नाई?" त्यांच्याइतकं वाईट त्या दिवशी कोणालाच वाटलं नाही.

मग बायकांच्या बाजूने रुख्माबाईचा आवाज आला. "बाप्पा वं! म्हंजे हे सगळे एवढाले बाप्पे महिनाभर एका जीपले भेऊन लपून बसले होते काय?"

गावातले सगळे कर्ते पुरुष एका बाईच्या एका प्रश्नासमोर बसलेले. मी डोमाजीकडे बघितलं. त्याच्या कानापासून रंग चढत होता. तो उभा राहिला.

"कोन लपलं?" तो म्हणाला. "मी वाचत होतो."

"काय वाचलं?" महादेवरावांनी विचारलं. ठरल्याप्रमाणे विचारणं त्यांना भागच होतं.

आणि डोमाजीने सांगितलं. राणी, कामकरी, फुलं, घर, थंडी, आणि शेवटी दाराबाहेर काढलेले ते नर. सगळा पार ऐकत राहिला. शेवटच्या वाक्याला मला दिसलं की दोन-तीन माणसांनी आपापल्या बायकांकडे चोरून बघितलं.

"मीही वाचतच होतो," मोतीलालसेठ उठले. "बत्तीस. सांगू काय?"

"आमीही."

"आमीही वाचतच होतो."

एकामागून एक सगळे उठले. बायकांतून बारा जणी उठल्या, त्यांना तर लपण्याचं कारणही नव्हतं. प्रभाकररावांनी मोजलं. त्रेपन्न. शेळ्या धरल्या नाहीत.

"आणि तुम्ही, महादेवराव?" काकाजींनी विचारलं. त्यांच्या आवाजात साधी चौकशी होती. सगळ्या सभेत तेच एकटे होते ज्यांना काहीच कळलं नव्हतं, आणि तेच एकटे होते ज्यांचं बरोबर होतं.

महादेवरावांनी कागदाची घडी घालून तो खिशात ठेवला. खोलीच्या कुलपाची किल्ली त्यांच्याच कमरेला होती.

"माहे वीस पानं राह्यले," ते शेवटी म्हणाले. "पोट्टा नदीपर्यंत आला आहे. खत माह्या ओसरीवर टाका."

इतकी मोठी आरोळी आमच्या गावात पोळ्यालासुद्धा उठत नाही. नलूने मूठ सोडली. काकाजी तिच्याकडे वळून म्हणाले, "आता तर तुला सोडताच येणार नाही गं नलू. एवढी माणसं कोण सांभाळेल?"

"मी सांभाळतो बाबा," नलू म्हणाली. "तीन वर्षं तरी."

त्याच रात्री गावाने न बोलता ठरवलं की असं काही झालंच नाही. महादेवरावांच्या ओसरीवर दोन पावसाळे खत होतं, पण तेही कोणाला दिसलं नाही. पोट्टा घरी पोचला. महादेवराव ते वाचून दोन दिवस पंचायतीत आले नाहीत, तब्येतीचं कारण सांगितलं. नलू गेल्या महिन्यात बी.ए. झाली. निकालाच्या दिवशी डोमाजीने तिला खिडकीतून मधाची बाटली दिली. स्वतःच्या मधमाश्यांच्या पेटीतला मध. पेटीतल्या नरांना तो थंडीत घोंगडीखाली ठेवतो.

एकच गोष्ट बिघडली आहे. सत्त्याहत्तर साली वातावरण निवळलं, जीपची भीती गेली, आणि माणसं पुन्हा आपापल्या ओट्यावर बसू लागली. वाचणाऱ्यांचा आकडा आता एकोणीस आहे. नलूने नवी यादी केली आहे, फार सुंदर यादी आहे, पण कोणी हात लावत नाही. म्हणून मी नाइलाजाने खालील अर्ज केला असून त्याची प्रत येथे जोडतो.

प्रति,
मा. जिल्हाधिकारी साहेब, वर्धा.

विषय : गावातील वाचनसंस्कृतीसाठी जीप मिळणेबाबत.

महोदय,
वरील विषयास अनुसरून सविनय अर्ज सादर करण्यात येतो की, दरवर्षी दिनांक १५ एप्रिल ते ६ जून या कालावधीत आठवड्यातून एकदा, दुपारी दोनच्या सुमारास, शासनाची एक पांढरी जीप आमच्या गावातून सावकाश फिरवण्यात यावी. जीप रिकामी असल्यास हरकत नाही. कोणासही उचलू नये, कोणाशीही बोलू नये. फक्त घर क्रमांक ११२ समोर दोन मिनिटे थांबून कारंज्याचा रस्ता विचारावा. जीपमध्ये बसण्यास अधिकारी उपलब्ध नसल्यास अर्जदार स्वतः टोपी घालून बसण्यास तयार आहे. घर क्रमांक ९ मधील वयोवृद्ध गृहस्थांचे नाव शासनाच्या कोणत्याही एका यादीत घ्यावे, ही स्वतंत्र विनंती.

सोबत : लाल त्रिकोण असलेला कोरा कागद, एक.

आपला नम्र,
पुंडलिक, बी.ए. (पहिले वर्ष, चौथ्यांदा)